मुंबई-सहा

आमच्या कचेरीत तीन कामत होते. एक हिशेब खात्यातले, ते ‘आकडे कामत’. दुसरे बाराही महिने कुठल्या ना कुठल्या रजेवर, ते ‘अर्जित कामत’. तिसरे ‘मुंबई-सहा’. पहिली दोन नावं आम्ही ठेवली होती. तिसरं त्यांनी स्वतःच आणलं होतं. कामावर रुजू झाल्या दिवशी टेबलाटेबलाशी जाऊन, एखाद्याने नावापुढे पदवी सांगावी तशा थाटात ते सांगत होते, “मी कामत. मुंबई-सहा.”

‘सहा’ हा मलबार हिलचा जुना टपाल क्रमांक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पोस्टाने सहा आकडी पिनकोड आणला आणि मुंबई-सहाचं ४००००६ झालं. कामतांच्या मते ही सगळी योजना त्यांच्या पत्त्याचं वजन वाढवण्यासाठीच होती. “चारावर चार शून्यं आणि शेवटी सहा. एकदा वाचलं की माणूस विसरत नाही.” मी डोंबिवलीचा आहे असं कळल्यावर त्यांनी माझा पिन विचारला. मी “४२१…” एवढंच म्हणालो असेन, त्यांनी मला तिथेच थांबवलं आणि रक्ताचा रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टर ठेवतात तसा माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी घ्या,” म्हणाले.

खरं पाहिलं तर मलबार हिल म्हणजे समुद्रात घुसलेला एक खडक. उंची दोनशे फूटही भरणार नाही. सह्याद्रीत असल्या टेपाडाला कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं, गुराख्याने त्यावर बसून भाकरी खाल्ली असती एवढंच. पण मुंबई बेटं जोडून आणि भर घालून केलेली. अशा गावात दोनशे फूट म्हणजे कैलास. टेकडीच्या टोकाला राज्यपालांचं निवासस्थान, वर मुख्यमंत्र्यांचं ‘वर्षा’, आजूबाजूला मंत्र्यांचे बंगले आणि उरलेल्या जागेत हिरे, कापड, औषधं, पोलाद. इथे माणसं तीन प्रकारची : ज्यांनी टेकडी विकत घेतली ते, जे टेकडीवर निवडून आले ते, आणि जे टेकडीवर राहून गेले ते. कामत तिसऱ्या प्रकारातले.

त्यांचे आजोबा वेंगुर्ल्याहून येऊन एका शेठच्या पेढीवर कारकून झाले. शेठला रात्री दीड वाजता हिशेब आठवायची खोड होती. कारकून हाकेच्या अंतरावर असावा म्हणून त्यांनी १९३८ साली आपल्या इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या दिल्या. शेठ गेले, पेढी गेली, हिशेब मिटले. खोल्या राहिल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या आकड्याला खिळवून टाकली, आणि २००० पासून नव्या कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढ द्यायची सोय केली. ही सगळी वाढ धरून कामत आजमितीला महिना १३७ रुपये भाडं भरतात. म्हणजे भरू पाहतात. सध्याचे मालक ते घेत नाहीत. मग कामत मनीऑर्डर करतात, ती परत येते, आणि परतीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. देवघरात वरच्या फळीवर मंगेशीची तसबीर आहे, खालच्या फळीवर ती पिशवी. उदबत्ती दोघांना मिळून एक.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी इमारतीच्या पुढच्या दाराने शिरू लागलो. संगमरवरी पायऱ्या, पितळी नावं. वॉचमनने माझ्या चपलांकडे पाहून न विचारताच सांगितलं, “कामत? पीछे से.” मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. त्यावरून चढताना कामत मला धीर देत होते. “पुढच्या आणि मागच्या दाराचा पिन एकच आहे, बरं का.”

घर नीटनेटकं होतं. खिडकीतून समोरच्या टॉवरचं वाहनतळ दिसत होतं, आणि तिथल्या गाड्यांना कामतांच्या बाहेरच्या खोलीपेक्षा जास्त उजेड मिळत होता. मी सहज विचारलं, “समुद्र कुठल्या बाजूला?” कामत याच प्रश्नाची वाट पाहत होते. “या,” म्हणाले, आणि मला मोरीत घेऊन गेले.

मोरीत लाकडी स्टूल होतं. कामतांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि मला चढायला सांगितलं. “टाचा उंच करा. मान डावीकडे. अजून. ती पाण्याची टाकी दिसते? टाकी आणि भिंत यांच्या मधे पाहा.” झरोक्याबाहेर टाकी आणि भिंत यांच्या मधोमध, उभी धरलेली चार बोटं मावतील एवढा समुद्र होता.

“दिसला?”

“दिसला.”

“अरबी,” कामत म्हणाले.

त्यांच्या घरी चहाची रीत ठरलेली आहे. आधी समुद्र, मग चहा. चार पाहुणे असले तर मोरीपाशी रांग लागते. सांधे दुखणाऱ्या वयस्कर मंडळींना कामत झरोक्यात आरसा धरून दाखवतात. आरशात समुद्र उलटा दिसतो, पण समुद्राला उलटसुलट नसतं असं त्यांचं म्हणणं आहे.

स्टुलाचा दुसरा उपयोग सुक्या मासळीसाठी. मलबार हिलवरच्या पुष्कळ इमारतींत मासळीचं नावसुद्धा काढता येत नाही. कामत पडले सारस्वत. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून वर खोबरेल सोडल्याशिवाय त्यांची पेज घशाखाली उतरत नाही. म्हणून वहिनींनी बांगडा काढला की कामत स्टुलावर चढून वारा बघतात. पश्चिमेचा वारा असला की वास केम्प्स कॉर्नरकडे जातो. तिथे १९६५ पासून उड्डाणपूल आहे, वास पुलावरून पुढे सरकतो, कुणाचा कोण काही कळत नाही. वारा पडला असेल तर बांगडा पुन्हा डब्यात.

एकदा अंदाज चुकला. वारा फिरला आणि पुढच्या ब्लॉकमधल्या बेन लोखंडी जिन्याने वर आल्या. “कामतभाई, कंई बळे छे?” कामत घाबरून म्हणाले, “औषध. कोकणातलं. हिच्या गुडघ्यांसाठी उकळतोय.” पुढचे आठ दिवस बेन मुगाची खिचडी पाठवत होत्या आणि रोज गुडघ्यांची चौकशी करत होत्या. वहिनींना आठही दिवस लंगडावं लागलं. नवव्या दिवशी बेनचा कॉलेजातला मुलगा हळूच मागच्या जिन्याने आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अंकल, वो दवाई थोडी बची है क्या?” तेव्हापासून त्या इमारतीत गुडघेदुखीचे दोन रुग्ण आहेत.

बाजारहाटासाठी मात्र टेकडी उतरावी लागते. वर जी भाजी मिळते ती कामतांच्या शब्दांत ‘दागिन्यासारखी मांडलेली आणि तोळ्यावर विकलेली’. म्हणून ते बसने खाली जातात, ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत घासाघीस करतात आणि दोन पिशव्या घेऊन वर येतात. वर येताना पिशवीवर मोठ्या कापडदुकानाचं नाव असेल याची काळजी घेतात. आत पडवळ असतं. पडवळ लांब, ते बाहेर डोकावतं. एवढा एक दोष सोडला तर बंदोबस्त चोख.

बंदोबस्तावरून आठवलं. वाटेत मंत्र्यांचे बंगले लागतात. तिथले हवालदार कामतांना नावानिशी ओळखतात, कारण टेकडीवर कामतांशी मराठीत बोलणारी माणसं मोजकीच. अगदी वरचे मंत्री मराठी बोलतात आणि त्यांच्या फाटकावरचे हवालदार बोलतात. मंत्री थांबत नाहीत, हवालदारांना हलता येत नाही. तेव्हा गप्पा हवालदारांशीच. साताऱ्याचा एक जण एकदा त्यांना ‘रामटेक’बद्दल सांगत होता, की हा बंगला लाभत नाही, इथे आला तो पदावरून गेला, असं लोक म्हणतात. कामतांनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “बंगल्याचा दोष नाही हो. ही मंडळी सरकारी निवासात राहतात, तिथेच चुकतं. भाडेकरू म्हणून राहिले असते तर कोण हलवणार होतं?” दर पाच वर्षांनी, हल्ली त्याआधीही, शेजारी बदलताना पाहून त्यांना वाईट वाटतं. “बिचाऱ्यांचे पडदे धुवायला पडत नाहीत तोवर काढायची वेळ येते.”

ताबा हा कामतांचा आवडता विषय. जगाच्या इतिहासाकडे ते त्याच खिडकीतून पाहतात. माउंट प्लेझंट रोडवर जिनांचा बंगला आहे. क्लॉड बॅटली या वास्तुविशारदाचा आराखडा, १९३६ चं बांधकाम. १९४४ च्या सप्टेंबरात गांधीजी आणि जिना यांची बोलणी तिथेच झाली. आमचा एक पुतण्या इतिहासाचा अभ्यास करतो. तो या बोलण्यांवर मोठ्या तळमळीने बोलत होता. कामत शांतपणे ऐकून म्हणाले, “ते सगळं ठीक. पण मुद्दा लक्षात घे. माणसाला अख्खा देश मिळाला, तरी या घरातला जीव सुटला नाही. ते निर्वासितांची मालमत्ता म्हणून घेऊ नका, असा निरोप नेहरूंकडे गेला होता. मालकी कुणाची यावर पुढे किती वर्षं वाद! मलबार हिलची जागा अशी असते.” पुतण्याने हे टिपून घेतलं नाही.

इतिहासात कामतांचा स्वतःचाही एक धागा आहे. वाळकेश्वरचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं होतं. १७१५ मध्ये ते पुन्हा बांधलं रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने. “आमच्यातलेच ते,” कामत खाली बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून पाहुण्यांना सांगतात. समुद्र पावलांवर आणि तलावाचं पाणी गोडं. रामाने बाण मारला आणि गंगा आली, ही कथा ते सांगतात. बाराव्या शतकात शिलाहारांच्या पदरच्या लक्ष्मण प्रभूंनी तलाव बांधला, हेही सांगतात. मात्र एखादा जाणकार पाहुणा निघाला आणि त्याने विचारलं, की १७२० मध्ये आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी ज्याची मालमत्ता जप्त करून तुरुंगात टाकलं तो हाच ना, तर कामत पाण्यातल्या बदकांकडे पाहू लागतात. “ते वेगळे कामती.” पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती असं पुढे उघडकीला आलं, हे पाहुण्याने सांगितलं की नातं पुन्हा जुळतं. “तरी मी म्हणत होतो, आमच्यात असं कुणी नाही.”

जवळच मलबार पॉइंटला श्रीगुंडी नावाचा चीर पडलेला खडक आहे. त्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघालं की पापं धुतली जातात, अशी जुनी समजूत. कामतांना तिचं काही वाटत नाही. त्यांच्या घरातलं कपाट आणि पलंग यांच्यामधून ते दिवसातून वीस वेळा तसेच जातात.

टेकडी उंच असली तरी तिच्या पोटात काय चाललंय ते कामतांना आधी कळतं. हँगिंग गार्डन ही नुसती बाग नाही, पाण्याच्या टाकीचं झाकण आहे, हे ते नव्या माणसाला पाण्याचा पेला हातात दिल्यावर सांगतात. शेजारच्या डुंगरवाडीत पारशांचे दोखमे, त्यावर येणारी गिधाडं, आणि गिधाडांच्या चोचीतून काही पडू नये म्हणून टाकी झाकली अशी दंतकथा, हेही त्याच पेल्याबरोबर. नव्या सुनेने पहिले सहा महिने त्या घरी फक्त चहा घेतला. गिधाडं आता उरली नाहीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांचा वंश खलास केला. कामतांना त्यांची आठवण येते. “सभ्य पक्षी,” ते म्हणतात, “माणूस मेल्यावरच यायचे.” हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा दारात बिल्डरचा माणूस उभा होता.

मग टेकडीखालून सागरी किनारा रस्त्याचा जुळा बोगदा गेला. प्रियदर्शिनी पार्कपासून गिरगाव चौपाटीपर्यंत सुमारे दोन किलोमीटर. खोदणाऱ्या यंत्राचा व्यास बारा मीटरहून अधिक, म्हणजे चार मजली इमारतीएवढा, आणि नाव ‘मावळा’. १० जानेवारी २०२२ रोजी पहिला बोगदा आरपार झाला. कामत तोवर रोज रात्री तांब्यातलं पाणी हलतं का ते पाहत बसत. बोगदा त्यांच्या घराखालून जातच नव्हता, तरी पाणी हलत असे. मला फोनवर म्हणाले, “ऐंशी वर्षांनी एक मराठी माणूस मलबार हिलवर नव्याने आला. तोसुद्धा जमिनीखालून. आणि तोही चिनी बनावटीचा.”

२०२५ च्या मार्चअखेरीला कमला नेहरू पार्कमागच्या झाडीतून उन्नत पायवाट सुरू झाली. ४८५ मीटर, माणशी २५ रुपये. टेकडीवर चालायला तिकीट, हा कामतांना खासगी अपमान वाटला. तरी नातवाच्या हट्टाखातर गेले. शेवटी सज्जात उभं राहिल्यावर समोर सगळी चौपाटी, सगळा समुद्र. ना टाकी, ना भिंत. नातू ओरडला, “आजोबा, केवढा मोठा!” कामत बराच वेळ बोलले नाहीत. परतताना म्हणाले, “मोठा आहे. पण नेम धरून बघायची मजा नाही त्यात.”

आता बिल्डरचा माणूस महिन्यातून दोनदा येतो. इमारतीला टेकू लागले आहेत. एक तर नव्या टॉवरमध्ये जागा घ्या, पण तोवर काही वर्षं भाड्याच्या घरात काढा. नाही तर रोख घ्या आणि उपनगरात प्रशस्त फ्लॅट घ्या. कामत हिशेबाला बसतात. होमी भाभांचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना गेला, तर आमच्या दोन खोल्यांचे किती? त्रैराशिक मांडतात, उत्तर येतं, ते वहिनींना वाचून दाखवतात. वहिनी ते ऐकून घेतात आणि चहापत्ती पुन्हा उकळायला टाकतात.

मुलाचं घर ठाण्याला, घोडबंदर रोडला. बाविसावा मजला, दोन संडास, लिफ्ट. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, यावेळी खरंच, तेव्हा दोघं तीन महिने तिकडे राहिले. मी भेटायला गेलो. दिवाणखान्यात भिंतभर काच आणि काचेबाहेर खाडीचा मोठा पट्टा, खारफुटी, लांबवर होड्या. सगळं खुर्चीत बसून. कामत काचेकडे पाठ करून बसले होते. मी कौतुक केलं तर म्हणाले, “खाडी आहे ती.” तेवढ्यात कुरिअरवाला सही घ्यायला आला आणि पिन विचारू लागला. मुलगा आतून ठाण्याचा पिन सांगत होता. कामतांनी तोवर ४००००६ लिहून टाकलं होतं. ते पाकीट मलबार हिलला जाऊन आठ दिवसांनी पुन्हा ठाण्याला आलं. कामत खूश होते. “पत्ता ओळखतात अजून.”

वहिनी हिंडूफिरू लागल्या तशी दोघं परत टेकडीवर आली. गेल्या महिन्यात गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. लोखंडी जिन्याचे दोन दात पडले होते, ते ओलांडून वर गेलो. कामत पिशवीतल्या पावत्या तारखेवार लावत बसले होते. मी स्वयंपाकघरात वहिनींना काजूचं पाकीट द्यायला गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, झरोक्यासमोर त्या टॉवरची नवी भिंत आलीय. मे महिन्यापासून काही दिसत नाही. त्यांना ठाऊक आहे. पण तुम्ही चढा हं. चढला नाहीत तर ते चहा घ्यायचे नाहीत.”

बाहेरून हाक आली, “चला, आधी समुद्र.”

मोरीत गेलो. कामतांनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं. मी चढलो, टाचा उंच केल्या, मान डावीकडे वळवली. टाकी होती. तिच्या पलीकडे हिरवी जाळी, जाळीमागे ओलं सिमेंट आणि त्यावर चुन्याने लिहिलेला कुठल्याशा मजल्याचा आकडा.

“दिसला?” खालून आवाज आला.

“दिसला.”

“भरती आहे ना?”

मी जाळीकडे पाहिलं. “भरती आहे.”

“असणारच,” कामत म्हणाले. “आज अष्टमी. तिथीची पाऊणपट म्हणजे पुऱ्या भरतीची वेळ. आमच्या वेंगुर्ल्याचा हिशेब. आठ पाऊणे सहा.” सहा म्हणताना त्यांचा आवाज थोडा उंचावला. मग त्यांनी स्टुलावरची पकड घट्ट केली.

“उतरताना जपून हं. इथून उतरणं फार वाईट.”